भरल्या पोटी उपासमार

१

अळी मेली की काळी पडते आणि तिला वास येतो. या अळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या, वास नव्हता, आणि बोट लावलं तर हलत नव्हत्या. मी पहिल्या ट्रेचं झाकण काढलं होतं, मग दुसऱ्याचं काढलं, मग सगळ्यांचीच भराभर काढली. प्रत्येक ट्रेमध्ये काही अळ्या अशाच निपचित पडलेल्या. बाकीच्या जिवंत होत्या, पण अंग आखडून कोपऱ्यात बसलेल्या.

पुठ्ठ्याच्या कारखान्यामागच्या तीन खोल्या आणि अंगणातली एक टाकी, एवढीच आमची प्रयोगशाळा. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या आम्ही पाळतो. अळी लाकूड खाते, पण ते पचवतात तिच्या आतड्यातले जिवाणू. त्यांतले काही आम्ही बाटल्यांत वाढवतो आणि टाकीत सोडतो. टाकीत वाळकी, चिवट धाटं टाकली की जिवाणू ती विरघळवतात आणि त्यातून साखर निघते. निदान निघायला लागली होती. म्हणून तर एका कंपनीने सगळी प्रयोगशाळाच विकत घेतली आणि त्याच दिवशी दुपारी ताबा घ्यायला त्यांचे साहेब येणार होते.

"किती गेल्या?"

बाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. बाई म्हणजे आमच्या संचालिका. मी त्यांच्याच हाताखाली शिकले.

"तिसरा हिस्सा तरी असतील."

"या खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे, बाई."

"मग मी आणखी कोणाला विचारू?" त्यांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं वाटलं असतं. "कंपनीला अळ्यांची काळजी घेणारं माणूस नकोय, हे तुला कळलं तेव्हा तू गप्प राहिलीस. मला तेव्हाच खटकलं होतं. काय घातलंस यांना?"

"मी? विष घालीन मी यांना?"

"चार वाजता साहेब येतील. तेव्हा जे झालंय ते मी त्यांना सांगणार, नावासकट. त्याआधी तुला काही बोलायचं असेल तर बोल."

त्या गेल्या. मी ट्रेची झाकणं पुन्हा लावायला लागले आणि एकही झाकण नीट बसेना. पुढच्या महिन्यात मला दुसऱ्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, घर माझ्या पगारावर चाललं होतं. बाईंचं एक वाक्य तिथे पोचलं असतं, तर ती नोकरी गेली असती, आणि तशी कुठलीच पुन्हा मिळाली नसती.

मी वन्संना फोन लावला.

२

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. जनावरांची डॉक्टर, पण मेलेल्या जनावरांची. गोठ्यात गाय अचानक मेली की ती का मेली हे तिला फाडून सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांना एका जागी बसता येत नाही. आमच्याकडे जेवायला आल्या तरी ताट हातात घेऊन फिरतात.

"काय गं वहिनी, भावाला डोळा आला आणि तुझी झोप गेली का?" दारातून आत येता येता त्यांनी विचारलं, आणि माझा चेहरा पाहून पुढची थट्टा गिळली. "दाखव."

मी एक मेलेली अळी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी खिशातून पातळ पातं काढलं, उभी चीर दिली आणि भिंगातून पाहिलं.

"पोट तर गच्च भरलंय हिचं."

"लाकूड आहे ते."

"लाकूडच आहे, तेच म्हणतेय मी. चावलेलं आहे, पण जसंच्या तसं आहे. आणि अंगात चरबीचा कण नाही बघ." त्यांनी आणखी एक चिरली, मग आणखी एक. "वहिनी, विष पोटात गेलेलं जनावर आधी खाणं सोडतं. या शेवटपर्यंत खात होत्या. यांना कोणी विष घातलेलं नाही. या उपासमारीने मेल्यात."

"भरल्या पोटी?"

"भरल्या पोटी. माझ्याकडे अशा गाई येतात." त्या टेबलाभोवती फिरायला लागल्या होत्या. "मेलेल्यांची डोकी फिकट आहेत आणि जिवंत आहेत त्यांची तपकिरी. ही जात वेगळी आहे का?"

"नाही. मेलेल्यांनी नुकतीच कात टाकलीये." मी बोलता बोलता थांबले. मग ट्रे पुन्हा उघडून एकेक मेलेली अळी उलटून पाहिली. फिकट. फिकट. फिकट. "वन्सं, मेलेल्या सगळ्याच कात टाकलेल्या आहेत."

"कात टाकली की काय होतं?"

"बाहेरच्या कातड्याबरोबर आतड्याचं अस्तरही निघून येतं. जिवाणू त्या अस्तरासकट जातात. मग अळी तळातला काळा चुरा खाते आणि जिवाणू परत मिळवते." ट्रेच्या तळाला अळ्यांची विष्ठा आणि चावलेलं लाकूड यांचा काळा थर असतो, त्यालाच आम्ही चुरा म्हणतो. "पण चुरा तर जागच्या जागी आहे. मी सगळ्यात आधी तेच पाहिलं."

वन्संनी बोटाने थर उकरला, चिमूटभर चुरा काचेवर घेतला, त्यावर पाण्याचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. त्या हलत नाहीत, याची मला भीती वाटायला लागली.

"किती जिवाणू दिसायला हवेत इथे?"

"नजर ठरणार नाही इतके. नुसती वळवळ."

"मग ये आणि बघ."

मी पाहिलं. एखाददुसरा चुकार जीव सोडला तर काचेवर काहीच हलत नव्हतं.

३

"म्हणजे हा तुझा चुरा नव्हे," वन्सं म्हणाल्या. "दिसायला तोच, पण मेलेला. खरा कोणीतरी उचलून नेला आणि त्या जागी हा घालून ठेवला. तुमच्या त्या मौल्यवान बाटल्या कुठे असतात?"

"कुलपात. त्यांना कोणी हात लावलेला नाही."

"कशाला लावेल? बाटलीत तुम्हाला वाढवता आले तेवढेच जिवाणू आहेत ना?"

"थोडेच. बाकीचे बाटलीत जगत नाहीत. ते सगळे फक्त चुऱ्यात असतात." आणि मग मला ते नीट कळलं. आम्ही कुलूप लावून जपत होतो तो मालाचा नमुना, आणि माल अळ्यांच्या पायाखाली उघडा पडलेला. "वन्सं, जिवंत राहिलेल्या अळ्या बघा. अंग पिवळट झालंय. यांनी खाणं सोडलंय, पोट रिकामं केलंय. या आज-उद्याच कात टाकतील."

"आणि मग मरतील. यांच्या आया, भुंगेरे कुठे आहेत?"

"अंडी घातली की भुंगेरे मरतात. एवढ्याच आहेत आता."

वन्संनी घड्याळाकडे पाहिलं आणि बाह्या वर केल्या. "चल. माझे रोगी बोलत नाहीत, तुझी माणसं तरी बोलतात का बघू."

खारूताई मागच्या पायरीवर बसून बिस्किट कुरतडत होती. ती आमच्याकडे संशोधन करणारी मुलगी. दिवसभर काहीतरी कुरतडत असते म्हणून हे नाव. मागच्या आठवड्यात मी ऑपरेशनसाठी रजेवर होते, तेव्हा अळ्यांची खोली तिच्याकडे होती.

"ताई, मी काही केलं नाही हो," मला बघताच ती म्हणाली.

"कोणी म्हटलंय केलंस म्हणून? बिस्किट दे एक," वन्सं तिच्या शेजारी टेकल्या आणि लगेच उठल्या. "रजेच्या दिवसांत काय काय केलंस, सांग."

"रोजचंच. लाकडाला पाणी मारलं. ट्रे भरले होते म्हणून जादाचा चुरा काढला, पिशव्यांत भरला, शिजवला आणि पिशव्या मागच्या दाराशी ठेवल्या."

"शिजवला?"

"ऑटोक्लेव्हमध्ये. तो वाफेचा मोठा कुकर आहे ना, त्यात. ताईंचा नियमच आहे, चुरा शिजवल्याशिवाय बाहेर टाकायचा नाही. पुठ्ठेवाल्याने तक्रार केली होती ना, की तुमचे किडे आमचा माल खातील." ती जरा हसली. "मग दुसऱ्या दिवशी सकाळी पिशव्या नव्हत्या. काकांनी नेल्या असतील."

"आणि खोलीला कुलूप?"

"लावलं होतं. त्या संध्याकाळी बाईंनीच मला लवकर घरी पाठवलं. डोळे लाल दिसतायत, जा झोप, म्हणाल्या." खारूताई थबकली. "पण मी कुलूप लावूनच गेले. देवाशप्पथ."

टाकीकाका अंगणात टाकीच्या शिडीवर उभे होते. ते अभियंते आहेत आणि टाकी सोडून जगात काही आहे असं त्यांना वाटत नाही.

"मला टाकीतलं विचारा," ते वरूनच ओरडले. "अळ्यांचं मला काय कळतं?"

"कचऱ्याचं कळतं ना?" वन्सं खालून ओरडल्या.

"ते कळतं. तो शिजवलेला चुरा मीच उचलतो, दुसरं कोण आहे इथे? करपलेल्या भाजीसारखा वास येतो त्याला, घरी गेलो तरी बायको नाक मुरडते. पण गेल्या आठवड्यात एक दिवस पिशव्याच नव्हत्या. मला वाटलं, पोरगी आळसली, शिजवल्याच नाहीत."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. पिशव्या मुलीने ठेवल्या होत्या. काकांना मिळाल्या नव्हत्या.

"वहिनी, मेलेला चुरा कुठून आला ते कळलं," त्या हळूच म्हणाल्या. "आता कोणी आणला तेवढं राहिलं. आणि ते कळणं जास्त वाईट असणार आहे."

४

बाई त्यांच्या खोलीत खोकी भरत होत्या. पुस्तकं, एक जुना कंदील, भिंतीवरून काढलेला अळीचा मोठा फोटो.

"या माझ्या नणंद. जनावरांच्या डॉक्टर आहेत."

"वकीलच आणलास म्हण ना," बाई म्हणाल्या. "बसा."

"मला बसता येत नाही," वन्सं म्हणाल्या. "एकच विचारायचं होतं. कंपनी काय काय नेणार?"

"सगळं. बाटल्या, टाकी, अळ्या, यंत्रं. मला नेणार नाहीत. माझं वय झालं." त्यांनी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला, तो नीट बसेना म्हणून उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"आणि हा ट्रेमधला चुरा? जादा झाला की टाकून देत असाल ना?"

"बागेत जातो. झाडांखाली." पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "तुम्हाला माहितेय, बागेत एक लाकडी बाकडं होतं. त्याच्या पायाशी चुरा पडायचा. वर्षभरात बाकडं बसलं खाली! इतका जिवंत असतो तो. टाकलेल्या चुऱ्यातसुद्धा अख्खं जंगल पचवायची ताकद आहे."

"टाकलेल्यातसुद्धा," वन्सं म्हणाल्या.

"नाही तर काय? जुना असो, नवा असो. तोच तो."

वन्संनी मान हलवली आणि मला बाहेर काढलं. बोळात त्या पुढे चालत होत्या आणि मी मागे जवळजवळ पळत होते.

"वन्सं, नाही. त्या असं नाही करणार. वीस वर्षं त्यांनी..."

"म्हणूनच. नीट ऐक. चोराने खऱ्या चुऱ्याच्या जागी शिजवलेला चुरा घातला. का? शिजवलेला आहे हे माहीत असतं तर तो घातला असता का? अळ्या मेल्या की चोरी उघडी पडणार, हे अळ्यांसोबत राहणाऱ्या कोणालाही कळतं. म्हणजे ज्याने घातला त्याला वाटलं, आपण जिवंत चुरा काढून जिवंतच चुरा ठेवतोय. आता इथे कोणाला माहीत नाही की पिशव्यांतला चुरा शिजवलेला असतो? मुलगी रोज शिजवते. काका रोज उचलतात, वासाने शिव्या देतात. नियम तर तुझाच."

मी खिशातली किल्ली चाचपली.

"शिवाय दुसरी किल्ली कोणाकडे आहे?"

"सगळ्या किल्ल्यांचा जुडगा बाईंकडेच असतो."

"आणि मुलीला लवकर घरी कोणी पाठवलं?" वन्सं थांबल्या. "वहिनी, तुझ्या बाईंनी खोटा आळ घेतला नाही तुझ्यावर. त्यांना खरंच वाटतंय की तू विष घातलंस. आपण मारल्यात हे त्यांना अजून माहीतच नाही."

५

ते मी सांगितलं. वन्सं सांगायला निघाल्या होत्या, पण मी म्हटलं, हे माझं काम आहे.

मी बाईंना कुकरपाशी बोलावलं. खारूताईने काढून ठेवलेली एक पिशवी त्यात ठेवली आणि झाकणाचे स्क्रू आवळायला लागले.

"हे काय चाललंय?"

"चुरा शिजवतेय, बाई. टाकायच्या आधी शिजवतो आम्ही."

"कधीपासून?"

"पुठ्ठेवाल्याच्या तक्रारीपासून. हा नियम." झाकणावर कागद चिकटवला होता. "खाली तुमची सही आहे."

बाईंनी कागद वाचला. त्यांच्या टेबलावर मी पंधरा कागद एकदम ठेवत असे आणि त्या पेन न उचलता सह्या करत जात. त्यांनी स्वतःच्या सहीवरून अंगठा फिरवला, जणू ती पुसली जाईल.

"शिजवल्यावर त्यात काही उरत नाही," मी म्हटलं. "तो खाऊन अळी मरेपर्यंत चावत राहते. पोट भरतं, पचत काहीच नाही."

शेजारी पालथी बादली होती. बाई तिच्यावर बसल्या. कुकरची शिट्टी व्हायला लागली, वाफेचा करपट वास खोलीत भरला, आणि त्यांनी तो पहिल्यांदाच येत असल्यासारखा हुंगला.

"मला वाटलं, जुन्याच्या जागी जुनाच घातला," त्या म्हणाल्या. "अळ्यांना फरकही कळायचा नाही. बाटल्या कंपनीच्या, टाकी कंपनीची, अळ्या कंपनीच्या. चुरा करारात नव्हता. घाण कोण लिहितं करारात? म्हटलं, तेवढीच माझी. घरी एखादं पिंप घेऊन बसेन. कोणाला काय त्रास?" मग माझ्याकडे न बघता, "आणि मी तुला विचारलं, काय घातलंस यांना."

"कुठाय तो?" वन्संनी विचारलं. "जिवंत आहे का?"

"न्हाणीघरात. झाकणाच्या बादलीत. रोज पाणी शिंपडते."

"उरलेल्या अळ्या आज कात टाकणार आहेत, बाई," मी म्हटलं. "एक-दोघींची पाठ फुगलीये. तो चुरा मिळाला नाही तर याही जातील, आणि यांच्यानंतर कोणी नाही."

बाई उठल्या. तडक बाहेर गेल्या. अंगणातून त्यांची गाडी निघाल्याचा आवाज आला.

"परत येतील?" वन्संनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. परत यायचं म्हणजे साहेबांसमोर बादली हातात घेऊन यायचं. नाही आल्या, तर त्यांच्याविरुद्ध माझ्याकडे काय होतं? एक कुकर, एक कागद आणि माझ्या नणंदेचं म्हणणं.

६

साहेब वेळेच्या आधी आले. सोबत एक माणूस होता, तो भिंतींची मापं घेत होता. मी त्यांना अळ्यांच्या खोलीच्या दारातच थांबवलं.

"आत गारवा जाऊ देऊ नका. झाकण उघडं आहे."

"बाई कुठे आहेत? सकाळी फोनवर म्हणाल्या, काहीतरी घातपात झालाय. कर्मचाऱ्याकडून."

वन्संनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. सांग, असा त्याचा अर्थ. मी म्हटलं असतं, बाईंनी केलं, तर ते खरं होतं. आणि त्या आल्याच नाहीत, तर दुसरं काही म्हणणं मला परवडणारं नव्हतं. नवऱ्याचा पट्टी बांधलेला चेहरा आठवला. मी तोंड उघडलं.

"कर्मचाऱ्याकडून नाही," मागून बाई म्हणाल्या.

त्या धापा टाकत होत्या. निळी बादली दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, साडीवर पाणी सांडलेलं.

"बादली हिंदकळू नये म्हणून गाडी हळू चालवली. नाही तर आधीच आले असते." त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "हिने काही केलेलं नाही. चोरी मी केली, आणि अळ्याही माझ्याच हाताने मेल्या. सकाळी मी हिच्यावर आळ घेतला. तुम्हाला जे लिहून हवं असेल ते लिहून देते. हिच्या नव्या ठिकाणीही मीच फोन करणार आहे, तुमच्यासमोर. पण आधी बाजूला व्हा."

साहेबांनी बादलीकडे पाहिलं, सरकलेल्या झाकणातून दिसणाऱ्या काळ्या लगद्याकडे पाहिलं, आणि खिशातला रुमाल नाकाशी नेला. तरी त्यांचं डोकं चालू होतं.

"एक मिनिट. ही बादली... म्हणजे यातलं हे आता कोणाचं? करारात याचा उल्लेख..."

"आधी त्यांना खाऊ द्या," बाई म्हणाल्या आणि त्यांना ओलांडून आत आल्या.

पहिल्या ट्रेमधल्या एका अळीची पाठ डोक्यामागे उकलली होती. आतली नवी अळी दुधासारखी, हलायलाही भीत होती. बाईंनी बादली माझ्यापुढे धरली. झाकण खाली पडून गोल गोल फिरत राहिलं, कोणी ते उचललं नाही.

"किती घालायचा?" त्यांनी विचारलं. "मला माहीत नाही. मी कधी एकेका अळीला घातलाच नाही."

"मूठभर," मी म्हटलं. "डोक्याच्या बाजूला. आणि दाबू नका, तिला श्वास घेता आला पाहिजे."

त्यांनी मूठ भरली.